वच्छलाताई घरी नाई

— नाई वं, वच्छलाताई नाई घरी. म्हनजे हाय, पन नाई. गावातच हाय, पन घरात नाई – तू बस तं खरी, एवढ्या उन्हाची आली, आर्वीले गाडी बदलली असशीन, कारंजा काय जवळ हाय का – त्या खुर्चीवर नोको बसू, तिचा एक पाय लंगडा हाय, इथं तखतावर बस. पानी पे. माठातलं हाय. काय नाव म्हनलं? मयुरी. हो हो, मयुरी, 'वर्धेचा पार' ग्रुपची अॅडमिन, कारंजा घाडगे, बापाचा हायवेवर ढाबा – ओळखलं ना! फोटोत तू गॉगल लावून हायस, म्हनून पह्यले लक्षात नाई आलं. म्हनजे… मले काऊन लक्षात याले पाह्यजे म्हना. मी कुठी ग्रुपवर हाय. वच्छला हाय ग्रुपवर. मी तिचा घरवाला, बापूराव. आपल्याले फोनमधलं काईच नाई समजत, वांगे, टमाटे, सांबाराच्या जुड्या, एवढंच आपलं. फोन आला तं उचलतो, नाई आला तं बसतो.

कुठी गेली म्हन्तेस? ते पाह्य, समोर कांताची गच्ची – अवं पाहू नोको अशी मान वर करून! हळूच पाह्य. टाकीच्या सावलीत हिरव्या साडीवाली बसली हाय ना, तेच. सांडगे घातले दोघीयनं सकाळी, आता वानरं राखून राह्यली. कांता गेली खाली सयपाकाले आन ही बसली वर, एका हातात काडी आन एका हातात फोन. दिवाळीले पोरीनं, खुशीनं देल्ला तिले नवा फोन, तवापासून कानालेच राह्यते. भजनं आयकते. आयकू दे म्हनलं, तेवढाच इरंगुळा. तू अशी कर, तू… कुलर काऊन बंद केला? आवाज होते? डोकं दुखून राह्यलं का? बरं बाप्पा, राहू दे बंद, पाहुन्याचं डोकं मोठं. पन ह्या वैशाखात कुलर बंद करनारं मानूस मी पह्यल्यांदाच पाह्यलं. आन फोन असा उलटा काऊन ठेवला स्टुलावर? ठेव, ठेव, तुहा फोन हाय.

हं, तं काय म्हनत होती – सत्कार? रविवारी, वर्ध्याले? ग्रुपच्या गेट-टुगेदरमधी वच्छलाताईले शाल आन नारळ? वा वा. बरं वाटलं आयकून. आन पुढं? स्टेजवर गॅस ठेवनार, आन ताईनं सगळ्यायसमोर पातोडीचा रस्सा करून दाखवाचा? नाई. नाई नाई नाई. ते नाई जमत. वच्छलाताईची तब्येत बरी नाई वं, गुडघे गेले तिचे, उभंच राहाता येत नाई. …गच्चीवर कशी चढली? तू लयच हुशार दिसतेस. चढली म्हना कशीतरी. सांडग्यासाठी चढली. पन स्टेजवर नाई चढू शकत, स्टेजचं येगळं असते. आन पातोडी तं त्या केळझरच्या लेकीसमोर मी मुळीच करनार नाई! ती बाई समोरच्या लाइनीत बसन, एक वडी मोडली का लगेच उठून उभी – 'ताई, बेसन कच्चं राह्यलं.' त्या बाईनं माह्यं जगनं मुश्किल करून ठेवलं –

…

वच्छलाचं. वच्छलाचं जगनं म्हनलं मी.

अशी काऊन पाहून राह्यली? नाई म्हनजे, बोल ना काईतरी. पानी पाह्यजे? …थांब जरासक. एक डाव पाहू दे वर. बसली हाय. काडी हालवून राह्यली, वानर आलं असन. बरं आयक, पोरी. तू माह्या खुशीएवढी. हे तुह्या-माह्यात राह्यलं पाह्यजे, तुले तुह्या बापाच्या ढाब्याची शपथ. वच्छलाताई म्हनजे मी हाय.

हास. हासून घे. …हासत नाई? बरं, हे एक बरं हाय तुहं, नुसती मान हालवते. दुसरी कोनी असती तं आतापर्यंत गावभर केलं असतं.

आता तू म्हनशीन, एवढा मिशीवाला मानूस बाईच्या नावानं काऊन लिहते. तं मी काई ठरवून नाई केलं. माह्या नावाचा फोन होता ना, मी आमच्या गावातल्या ग्रुपवर होतो – नाचणगाव जागृती मंच. अॅडमिन कोन, तं श्रावण, माह्या भावकीतलाच पोट्टा, ज्याचं नाक मी पुसलं लहानपनी. तिथं मी आपला साधा इचार मांडला. काय मांडला? तं म्हनलं, 'रस्ता निवडनुकीच्या अगोदर येते आन निवडनुकीच्या मांगं जाते, मंग मत देल्लं कोनाले, मानसाले का डांबराले?' एवढंच. च्यामायचं, काय आग लागली! इकडचे म्हने तुमी तिकडचे, तिकडचे म्हने तुमी इकडचे. एकानं तं इचारलं, काका, तुमाले पाकीट कोनाकडून आलं? मी लिहलं, पाकीट आलं असतं तं मी इथं तुमच्यासंगं काऊन डोकं फोडत बसलो असतो. झालं. श्रावणनं मले काढलं. 'श्रावण रिमूव्ह्ड यू.' वाचलं आन दिवसभर भाकर नाई गेली. मंग तेच फोन पाहात पाहात मोटर सुरू कराले गेलतो तं फोन गेला विहिरीत. लोकं म्हन्तात बापूरावनं रागानं फेकला. फेकला नाई. पडला.

मंग अनुप आला पुन्यावरून, आमचा पोट्टा. त्यानं जुना फोन देल्ला, आन घरात एकच सिम होतं, ते मायच्या नावाचं. त्यावर खातं उघडून देल्लं – वच्छला, आन फोटो म्हनून दारातल्या रांगोळीचा. म्हने बाबा, मांगून नाव बदलवून देतो. आन गेला पुन्याले. आतापर्यंत बदलवूनच राह्यला. मी आपला रिकामा, फिरत फिरत तुमच्या 'वर्धेचा पार'वर आलो. तिथं पाह्यलं तं कोनी राजकारनावर बोलून राह्यलं, कोनी चंद्रावर, कोनी वांग्याच्या भरतावर – म्हनलं, हेच आपलं ठिकान. आन तेच वाक्य टाकलं. डांबरवालं. एक काना-मात्रा नाई बदलवला. आन काय सांगू तुले – 'वा ताई!' 'ताई, काय मार्मिक!' 'एका गृहिनीले समजते ते पुढाऱ्यायले समजत नाई!' बदाम आले, लाल लाल. आन खाली कोन? श्रावण! तोच! त्यानं लिहलं, 'वच्छलाकाकू, एक नंबर. जरा बापूकाकालेही शिकवा.' आता सांग. मी त्याले काय म्हनाव? म्या बी लिहलं, 'शिकवते बेटा.'

तवापासून आपलं चालू झालं. बाईच्या नावानं बोलनं लय सोपं हाय वं, कोनी पार्टी नाई इचारत. मानूस बोलला का लोकं पह्यले त्याची बाजू इचारतात, मंग आयकतात, आन तोवर भांडन सुरू झालं राह्यते. बाई बोलली का… नाई, बाईलेही लोकं काई कमी बोलत नाईत, ते पाह्यलं मी. एक मानूस तं रोज 'गुड मॉर्निंग डिअर' पाठवत होता. मी त्याले युरियाच्या गोनीचा फोटो पाठवला, मंग बंद झाला.

आन विज्ञान! विज्ञानात तं आपन प्रयोगच केलता. तुले आठवन असन ते ग्रहनाच्या वेळेस, ग्रहनात लोनचं खराब होते का नाई, यावर पारावर किती मारामारी झाली. अर्धे म्हनत किरनं येतात, अर्धे म्हनत सब झूट. मी म्हनलं, बोलून काय होते, करून पाहा. दोन बरन्या घेतल्या, कैरीचं लोनचं – वच्छलाले न सांगता, ते मांगून भोगलं मी – एक ठेवली घरात, एक ठेवली आंगनात. वाटलं, सकाळी उघडून पाहू, फोटो टाकू, झालं. सकाळी पाह्यतो तं घरातली जशीच्या तशी आन आंगनातली वानरानं फोडली. खापरं इकडं, फोडी तिकडं, वानर छपराच्या कवेलूवर बसून फोड चोखून राह्यलं. आता मी खरं तेच लिहलं. इमानदारीनं लिहलं, 'बाहेरची बरनी वानरानं फोडली.' तं एक मास्तर लिहते, 'पाहा, ग्रहनाचा परिनाम झालाच ना!' आन दुसरा लिहते, 'वानराले काई झालं नाई, म्हनजे ग्रहनाचा परिनाम नसते.' दोघंही मलेच धन्यवाद देऊन राह्यले. मंग मी विज्ञान सोडलं. म्हनजे कमी केलं.

पन खरी फसगत झाली ते खान्यात. एक दिवस कोनीतरी इचारलं – पौर्णिमा का कोन, ते पुलगावची – 'ताई, तुमी एवढं सगळं जानता, जरा गोळाभात कसा करता ते सांगा ना.' आता आली का पंचाईत! मले गोळाभात खाता येते. गरम भातावर गोळा फोडाचा, वरून फोडनीचं तेल, बाजूले कढी – तिथपर्यंत मी कोनाच्या बापाले आयकत नाई. पन तो ताटात येते कुठून? मले वाटलं, भात केला, गोळे केले, दोनी एकत्र केले. तरी म्हनलं इचारून घ्याव. तं रातच्या जेवनाले बसलो आन म्हनलं, 'काऊन वं, गोळाभात कसा करते?' तिच्या हातचा डाव खाली पडला. खरंच पडला, वरनासकट. मंग तिनं पदरानं हात पुसला आन माह्या कपाळाले लावून पाह्यला. म्हने, 'अवो, तब्येत बरी हाय ना?'

तुले हासू आलं ना? मलेही आलतं. पन आता इचार कर, लग्नाले एवढे वर्ष झाले, दोन लेकरं झाले, त्यायचे लग्नं झाले, आन म्या त्या बाईले कधी इचारलं नोतं का हे कसं केलं. आलं तसं खाल्लं. मीठ कमी असलं तं सांगतलं. पुरं असलं तं कायले सांगायचं?

तं तिनं सांगतलं. मी खोलीत जाऊन टाइप केलं. आन दोन मिंटं नाई झाले तं खाली ते बाई. 'केळझरची लेक.' तिचा फोटो काय, तं नुसता गनपतीच्या देवळाचा कळस. लिहते, 'ताई, गोळे थंड्या पान्यात टाकले तं फुटतीन. तांदूळ अर्धा शिजला का मंगच टाकाचे.' सगळा ग्रुप तिच्याकडून. माह्यी इज्जतच गेली. आता मी वच्छलाले कसं म्हनू का तू चूक सांगतलं? तरी सकाळी सहजच केल्यासारखं म्हनलं, 'काऊन वं, ते गोळे थंड्या पान्यात टाकाचे म्हनली होती ना?' तं म्हन्ते, 'थंड्या पान्यात कोन टाकते? अर्धा शिजला का टाकाचे म्हनलं होतं मी. तुमचं ध्यान कुठी राह्यते?' मले वाटलं, गेले माह्ये कान. पुलगावच्या डॉक्टरकडे जाऊन आलो वं मी! त्यानं बॅटरी लावून पाह्यलं, म्हने काका, कान एकदम साफ हायत.

तवापासून हे असंच. ही सांगन चमचाभर ओवा, मी टाकन चमचाभर ओवा, आन ते केळझरवाली – 'ताई, चमचाभर ओवा टाकाल तं पातोडी नाई, काढा होईन.' ते बाई टपूनच बसली राह्यते. मी टाकाच्या अगोदर तिले कसं समजते, काय माईत. केळझर काय एवढंसं गाव हाय का, शंभर लेकी असतीन तिथल्या, इकडं-तिकडं देल्लेल्या. आमचीही केळझरचीच हाय ना – माह्यी माय तिले मरेपर्यंत केळझरवालीच म्हने, नावानं कधी हाक नाई मारली. त्या गावच्या बायाच अशा, एक शब्द खाली पडू देत नाईत.

पन एक गोठ सांगू? …फोनकडे कायले पाह्यतेस, कोनाचा मॅसेज आला का? नाई? बरं.

गोठ अशी का, घरात आमी दोघंच. लेकरं गेल्यावर आमच्यात बोलनं म्हनजे काय, तं मोटर बंद केली का, नळ आले का, दूधवाल्याले सांगतलं का. एवढं झालं का टीव्ही. आन आता – आता मी रोज जेवतानी इचारतो. आज काय टाकलं यात? हे खसखस कायले? फोडनीत लसून अगोदर का जिरं अगोदर? आन ती सांगते. पह्यले उभ्या उभ्या सांगे, मंग पाट घेऊन समोर बसाले लागली. पातोडीचं सांगता सांगता तिच्या मायच्या चुलीवर गेली, चुलीवरून केळझरच्या शाळेवर, शाळेवरून कुठी – मले माईतच नोतं वं, का ती पळन्याच्या शर्यतीत तालुक्याले पह्यली आलती. तालुक्याले! आन मी तिले गेले एवढे वर्ष म्हनून राह्यलो, जरा लवकर पाय उचल. हासते आता ती. भांडे घासता घासता एकटीच हासते. मी खोलीतून आयकतो.

आन तुमी सगळे जे म्हन्ता ना, ताईचे इचार, ताईचे इचार – ते सरकारवालं नाई का, लय फिरलं, 'सरकार म्हनजे कढी, उकळी येईपर्यंत कोनीतरी समोर उभं राहून ढवळत राह्यलं पाह्यजे, नाईतर फाटते' – ते काय माह्यं हाय? ते तिचं हाय. मी टीव्हीवरच्या बातम्या पाहून चिडलो होतो, ती कढी करून राह्यली होती, मान न उचलता बोलली. मी लगेच खोलीत गेलो आन टाकलं. डांबर माह्यं. कढी तिची. आन बदाम कढीले जास्त आले, हेही खरं हाय.

मंग माह्याकडून ते झालं. आता निंघालंच हाय तं सांगतो. पारावर बाया आपापल्या घरच्या मानसावर लिहून राह्यल्या होत्या – कोनाचा घरवाला घोरते, कोनाचा ओला टावेल टाकते. मले वाटलं, वच्छलाताई मांगं काऊन राहाव. बसलो आन लिहलं. 'माह्या घरचा मानूस ताटावर बसते, जेवते, हात धुते आन उठते. एवढ्या वर्षात भाजी चांगली झाली म्हनून एक डाव बोलला नाई. मी भिताडाले टेकून उभी राह्यतो – राह्यते – का आज बोलन. मंग ताट उचलते.' असं. लिहता लिहता लिहलं गेलं वं. मले काय माईत मले हे सगळं माईत होतं म्हनून! एवढे बदाम कोन्याच गोठीले आले नोते. बाया रडल्या म्हने. तूही लिहलं होतं, 'ताई, माह्यी आई आठवली.' मी वाचलं तुहं.

आन केळझरची लेक? तिनं काईच नाई लिहलं. चूक नाई काढली, काई नाई. त्याच्या मांगं आठ-दहा दिवस ते बाई पारावर दिसलीच नाई. म्हनलं बरं झालं, पिडा गेली.

त्या दिवशी घरी पातोडी होती. मी न सांगता केलती तिनं. मी जेवलो, लय मस्त झालती, तिखट असं का कानातून निंघे. ती भिताडाले टेकून उभी होती. रोजच्यापेक्षा जास्त वेळ उभी होती, आता आठवते मले. मी जेवलो, हात धुतला आन उठलो.

आता काय बोलाचं राह्यलं होतं? लिहून तं टाकलं होतं ना.

…

गरम नाई होत तुले? मले तं धारा लागल्या. बरं, राहू दे.

तं पोरी, आता तुले समजलं का मी नाई काऊन म्हनून राह्यलो? सत्काराचं नाई. शाल मीही पांघरली असती – घरवाला म्हनून आलो असतो, ताईच्या वतीनं. पातोडीचं म्हनशीन तं तेही आता येते मले, पाहून पाहून. एक डाव केलती तिच्या मांगं, वडी कापाले इळा घ्या लागला, ते सोड. पन तू आज तिले जाऊन सांगतलं का ताई, चला, तुमचा सत्कार हाय, तं ती इचारन कायचा, आन मंग सगळं उघडं पडन. पडू दे. माह्या नावानं शिमगा करन, करू दे, तेही सहन करन मी. पन तिले समजन ना, का हा बुढा जेवतानी इचारत होता ते तिच्यासाठी नोतं. पारासाठी होतं. तिले वाटते, तिच्या नवऱ्याले आता कुठी तिच्या हातची चव समजाले लागली. आन ते खोटं हाय म्हनून समजलं, तं ती सांगनं बंद करन. पाट उचलन. मंग मी कोनाले इचारू? मंग पुन्हा मोटर बंद केली का, आन नळ आले का. मले नाई पाह्यजे ते. सत्कार गेला खड्ड्यात, पार गेला खड्ड्यात, मी खातं बंद करतो वाटल्यास, पन ते बाई पाटावर बसली पाह्यजे.

आन अगदीच खोटं नाई ना ते. आता तं मी ज्या दिवशी काई टाकाचं नसते त्याही दिवशी इचारतो. काल काई टाकाचं नोतं. तरी इचारलं. सांबारवडीत तीळ काऊन टाकले म्हनून.

तं अशी कर. ती आता उतरन, ऊन चढलं. तू तिले म्हनजो, 'वांग्याचे रोपं पाहाले आली.' कारंजावरून कायले आली म्हनन, तं सांगजो, ढाब्याच्या मांगं वाडीत लावाचे हायत. बापूकाकाचे रोपं चांगले असतात असं आयकलं. मी तुले चार रोपं बांधून देतो, पुरावा म्हनून. ती चहा ठेवन. चहा पे आन निंघ. ती लय खोदून इचारते, हे ध्यानात ठेव. म्हनन, आमच्या घराचा पत्ता कोनं देल्ला? तं तू सांगजो, मारुतीच्या देवळाजवळ इचारलं, तं लोकायनं सांगतलं निळं गेट, अन्… थांब.

थांब थांब. मी तं पारावर पत्ता टाकलाच नाई कधी. गावाचं नावही नाई टाकलं. तुले पत्ता कोनं देल्ला? श्रावणनं?

…कोनं?

केळझरच्या लेकीनं? तिले काय माईत माह्यं घर? ते बाई राह्यते कुठी तं –

फोन काऊन उचलून राह्यली? मले दाखवून राह्यली? थांब, चष्मा… हे काय हाय? हे आकडे काऊन पळून राह्यले? फोन चालू हाय हा? कवापासून चालू हाय? मी आल्यापासून – तू आल्यापासून? …कुलर. तरीच म्हनलं, ह्या उन्हात कुलर कोन बंद करते. आन तू बोलत नोती ते. मले वाटलं, किती गरीब पोट्टी हाय, नुसती आयकून घेते. ते तुले तिनंच सांगतलं होतं? काय सांगतलं होतं? 'बुढ्याले बोलू देजो, मधात बोलू नोको'?

…

म्हनजे ओवा. म्हनजे थंडं पानी. मी कान तपासून आलो वं पुलगावले जाऊन.

…

पाहून राह्यली इकडंच. भजन नाई ते. फोन कानालेच हाय. काडी हालवून राह्यली – वानर कुठी हाय? वानर तं नाई तिथं.

दे. दे तो फोन इकडं. कसा धरू, असाच बोलू का? आयकू जाते तिले?

हॅलो.

…वच्छले.

…त्या दिवशीची पातोडी. नाई, कालची वडी नाई, त्या दिवशीची. तू उभी होती ते. …चांगली झालती. लय चांगली झालती.

…नाई वं. टाकत नाई कुठी. तुलेच सांगून राह्यलो.

…

घे तुहा फोन, ती उतरून राह्यली. तू निंघ आता, पोरी. येईन ती रविवारी, तिले इचारून तुले कळवतो, रोपं पुढच्या डावाले नेजो. गेट लावून घेजो. …आन कुलरले हात नोको लावू. असू दे बंद. मले तिचं आयकू नाई येत मंग.